लाल पट्ट्यातलं पुस्तक

जनकाबाई खंदारेंचं पुस्तक अखेर छापून आलं, आणि त्याची पहिली प्रत कुरुंद्याच्या शिवारात, हळदीच्या ढिगाशेजारी बसून, मुंजाजींनी उलटी धरून पाहिली.

असं काही झालेलं नाही. हे वाक्य चुकून आधी आलं. ते तुम्ही वाचलं नाही असं धरून पुढं जाऊ. पुस्तक अजून छापलेलं नाही, त्यांचे यजमान मुंजाजी अजून पुस्तकाच्या विरोधात आहेत, आणि जनकाबाई ओसरीत बसून फोनवर आलेला एक आकडा पुन्हा पुन्हा वाचताहेत. वाचून वाचून तो कमी होईल अशी त्यांना आशा आहे.

आकडा पुण्याच्या निता मॅडमनी पाठवला होता. जे लोक स्वतःच्या पैशानं पुस्तक काढतात त्यांचं लिखाण नीटनेटकं करून द्यायचं, हा मॅडमचा धंदा. जनकाबाई अंगणवाडीसेविका म्हणून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. हातात आलेल्या पैशाचे त्यांनी तीन वाटे केले होते: घराचे पत्रे, मुंजाजींचा डोळा आणि पुस्तक. पत्रे झाले. डोळा झाला. पुस्तकाच्या वाट्याला जे उरलं त्यात ते छापता तरी येत होतं किंवा शुद्ध तरी करता येत होतं. दोन्ही जमत नव्हतं.

मॅडमचे दर तीन प्रकारचे होते. थोडी दुरुस्ती, मध्यम दुरुस्ती, भरपूर दुरुस्ती. जनकाबाईंना हा हिशोब ओळखीचा वाटला. अंगणवाडीत लेकरांच्या वजनाच्या तक्त्यावर तीन पट्टे असतात. हिरव्यातलं लेकरू ठीक, पिवळ्यातल्यावर नजर ठेवायची, लालातल्याला उचलायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. पुस्तक लालात होतं.

"कुपोषित हाय म्हणं," जनकाबाई मुंजाजींना म्हणाल्या.

"कोण?"

"पुस्तक."

मुंजाजींनी मान हलवली. "माझ्याकडं काहून पाहून राहिली? मी तर तोंडबी पाह्यलं न्हाई त्याचं."

कुपोषणाचं कारण सरळ होतं. जनकाबाईंनी जन्मभर लिहिलं ते रजिस्टरात आणि अहवालात. रजिस्टराला रकाने असतात, पूर्णविराम नसतात. रकाना संपला की वाक्य संपतं. पुस्तकाला रकाने नव्हते. त्यामुळं पहिलं वाक्य पहिल्या पानावर निघायचं आणि तिसऱ्या पानावर कुठंतरी दमून बसायचं. शिवाय त्यांच्या हाताखालून गेलेलं प्रत्येक लेकरू पुस्तकात 'सदर बालक' झालं होतं. 'सदर बालक खिचडी खाऊन हसले व सदर बालकाने सदर खिचडी शेजारील सदर बालकास दिली.' हे वाचून निता मॅडमनी फोनवर विचारलं होतं की पुस्तकात एकूण लेकरं किती आहेत, एक की सगळी.

लेकरं पुष्कळ होती. पण खरं तर पुस्तक एकाच लेकरासाठी होतं.

करुणा ही जनकाबाईंची पहिली लेक. वस्तीत अंगणवाडी येण्याआधी ती आली आणि अंगणवाडी येण्याआधीच तापानं गेली. तिचं वजन कोणी केलं नाही. तिचं नाव कुठं चढलं नाही. फोटो नाही. पुढं दोन पोरं झाली, मोठी झाली, नोकरीपायी लांब गेली. जनकाबाई मात्र दुसऱ्यांची लेकरं झोळीत घालून काट्याला लटकवत राहिल्या, आणि प्रत्येकाचं नाव रजिस्टरात ठळक अक्षरात लिहीत राहिल्या. करुणाचं नाव एकदा तरी छापील अक्षरात यावं, एवढंच त्यांना हवं होतं. शेवटचं प्रकरण तिचं होतं. त्यात वर नाव होतं आणि खाली कोरं पान होतं.

मुंजाजी तिच्याबद्दल बोलत नसत. नाव निघालं की ते उठत आणि बैलाला पाणी दाखवायला जात. बैल विकून बरीच वर्षं झाली होती. तरी जात.

मुंजाजींबद्दल आणखी एक तक्रार होती. त्यांच्या हातून कुठलंही काम पुरं होत नाही, असं जनकाबाईंचं मत होतं आणि त्याला पुरावा होता. दरवर्षी एप्रिलात जयंतीच्या आधी वस्तीतली सगळी घरं रंगतात. मुंजाजी कोणाला हात लावू न देता आपलं घर रंगवत, आणि दाराच्या मागं, गुडघ्याच्या उंचीवर, हातभर जागा तशीच सोडून देत.

"इतक्या वर्षांत एक भित पुरी झाली न्हाई तुमच्यानं."

"रंग सरला."

दरवर्षी रंग नेमका तिथंच सरायचा.

तर लालातल्या लेकराचं काय करायचं, हे जनकाबाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. रोज थोडं थोडं खाऊ घालायचं आणि महिन्यानं पुन्हा काट्याला लावायचं. पुस्तकाला व्याकरण खाऊ घालायचं ठरलं. दुरुस्ती आपणच जितकी करू तितके मॅडमचे पैसे कमी होतील आणि तेवढे छपाईला उरतील.

वसमतला मोठ्या माणसांना व्याकरण शिकवणारी एकच जागा होती: हळद मार्केटच्या मागं, खताच्या दुकानाच्या वर, विजयकुमार सरांचा भरतीचा क्लास. पोलीस भरती, तलाठी भरती, ज्याची जाहिरात निघेल ती भरती. जनकाबाई एसटीनं गेल्या, फी भरली आणि वर चढल्या. पहिल्याच बाकावर ओळखीचं तोंड दिसलं.

"बाई? तुमी इथं?"

ती शिवकन्या होती, कुरुंद्याचीच. पहाटे पोलीस भरतीसाठी पळायची, दुपारी क्लासला यायची. लहानपणी ती पिवळ्या पट्ट्यात होती, आणि काट्याला लटकवल्यावर जनकाबाईंच्या मनगटाला चावली होती. पुस्तकात हे आलं होतं.

"कोणत्या पोस्टसाठी, बाई?"

"लेखक."

शिवकन्यानं विचार केला. "गट क का ड?"

"ते न्हाई माहीत."

"ग्राउंड हाय का त्याला?"

"बसायचं हाय," जनकाबाई म्हणाल्या.

"मंग तुमचं होतंय," शिवकन्या म्हणाली आणि सरकून जागा दिली.

विजयकुमार सरांनी त्यांना वयोमर्यादेची आठवण करून दिली. व्याकरणाला वय असतं का, असं जनकाबाईंनी विचारलं. व्याकरणाला नसतं, जाहिरातीला असतं, असं सर म्हणाले. तरी त्यांनी काकूंना पंख्याखाली बसवलं. त्या जागेवरून एरवी रोज भांडणं होत, आणि अंगणवाडीच्या बाईशी भांडायला कोणी धजेना. निम्म्या वर्गाचं नाक त्यांनी कधी ना कधी पुसलेलं होतं.

शिकवणं असं चाले. सर फळ्यावर प्रश्न लिहीत, खाली चार पर्याय लिहीत, आणि वर्ग एका आवाजात अक्षर ओरडे. जनकाबाईंनी तीन-चार दिवस ऐकून घेतलं. मग हात वर केला.

"सर, वाक्य लिहायचं कसं?"

"लिहायचं नसतं, काकू. ओळखायचं असतं."

"पर आधी कोणीतरी लिहिलं असंल ना?"

सर फळा पुसू लागले. "पेपर काढणाऱ्यांनी," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

सर वाईट शिकवत होते असं नाही. वाक्य कुठं थांबवायचं हे त्यांनी एकदा असं सांगितलं: "पळताना दम लागला की थांबता ना? तसं." भरतीच्या पोरांना ते लगेच कळलं. जनकाबाईंनी घरी येऊन तीन पानांचं वाक्य मोठ्यानं वाचलं, जिथं जिथं धाप लागली तिथं पूर्णविराम दिला, आणि वाक्याची सतरा-अठरा वाक्यं झाली. एकदा नाव घेतलं की पुढं 'तो' किंवा 'ती' म्हटलं तरी चालतं, हे कळल्यावर तर त्यांनी एका दुपारी सगळ्या 'सदर बालकां'ना घरी पाठवलं. पुस्तकाला रंग चढू लागला.

पण जो माणूस व्याकरण भरतीच्या क्लासला शिकतो त्याला एक खोड लागते. जनकाबाईंना नुसतं वाक्य आता उघडं वाटू लागलं. त्या प्रत्येक वाक्य चारदा लिहू लागल्या.

अ) सदर बालिकेने वजनाच्या वेळी सेविकेस दंश केला.
ब) वजन करतेवेळी त्या बालिकेकडून सेविकेचा चावा घेण्यात आला.
क) शिवकन्याला काट्याला लटकवलं आणि ती मला चावली.
ड) वरीलपैकी एकही नाही.

आता उत्तर कोणीतरी द्यायला हवं. घरात दुसरं होतं कोण. हळदीचा हंगाम होता. मुंजाजी लोकांच्या शेतावर वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये हळद शिजवायच्या कामाला जात आणि कोपरापर्यंत पिवळे होऊन परत येत. हातपाय धुऊन बसले की जनकाबाई पानं घेऊन समोर बसत.

"सांगा, कोणतं बराबर?"

"क."

"ऐकून तर घ्या."

"घेतलं. क."

"अवो, म्या अजून क वाचलाच न्हाई."

"वाच मंग. पर क."

याच्या मागं शिवकन्या होती. ती एकदा गाईड द्यायला घरी आली आणि जाता जाता म्हणाली, "काका, उत्तर येत नसलं की डोळे झाकून क टाकायचं. आमच्या क्लासात सगळे तेच करून राहिलेत." इतका सोपा सल्ला मुंजाजींना जन्मात कोणी दिला नव्हता. त्यांनी तो पुस्तकालाच नव्हे, घरालाही लावला. भाकरी करू का भात, असं विचारलं तरी ते क म्हणू लागले. जनकाबाई त्या दिवशी उपमा करीत.

शिवकन्यानं सगळ्या पानांचे फोटो काढून पुण्याला पाठवून दिले. चार दिवसांनी निता मॅडमचा फोन आला.

"काकू, हे पुस्तक आहे की प्रश्नपत्रिका?"

"उत्तरं मागच्या पानावर दिलीत, मॅडम."

"पाहिली. सगळी क आहेत."

"व्हय. आमच्या घरच्यांनी काढली."

मग मॅडमनी, शक्य तितक्या मऊ आवाजात, पानं चौपट झाल्याचं सांगितलं आणि पानं चौपट झाली की आकड्याचं काय होतं तेही सांगितलं. पुस्तक लालातून हललं नव्हतं. आधी ते नुसतं अशक्त होतं. आता त्याला चार तोंडंही होती.

"एक करता का?" मॅडम म्हणाल्या. "नुसते क लिहून पाठवा. बाकी सोडून द्या."

जनकाबाईंनी नुसते क उतरवायला घेतले आणि उतरवता उतरवता त्यांच्या ध्यानात आलं की हे बरं वाचलं जातंय. अ लिहिताना त्यांच्या मानगुटीवर पर्यवेक्षिका बसायच्या. ब लिहिताना गाईड. क येईपर्यंत हात दुखायला लागायचा, कोणाची भीती उरायची नाही, आणि त्या मुंजाजींना सांगावं तसं लिहून मोकळ्या व्हायच्या. मुंजाजींनी न ऐकता दिलेलं उत्तर निघालं होतं बरोबर. हे त्यांना सांगायचं नाही, असं जनकाबाईंनी ठरवलं. नाहीतर पुढच्या जयंतीला भिंतीचाही क झाला असता.

मॅडमनी पानं वाचली. तोवर त्यांनाही पट्टे पाठ झाले होते.

"हिरव्याला टेकलंय, काकू. माझं काम थोडंसंच उरलं. छपाईला तुमचे पैसे पुरतील. तेवढं शेवटचं प्रकरण द्या फक्त. करुणा कोण?"

"पाठवते," जनकाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ते प्रकरण लिहायला त्या रोज बसत आणि रोज उठत. शेवटी त्यांनी सगळं सोडलं आणि एकच वाक्य धरलं. त्याचे चार पर्याय केले, कागदाची घडी केली, भाकरीबरोबर फडक्यात बांधली आणि मुंजाजी काम करीत होते त्या शेतावर गेल्या.

कुकरमधून नुकतीच हळद काढली होती. ढीग वाफाळत होता. मुंजाजी एकेक हळकुंड उचलून त्यात काडी टोचून बघत होते. काडी आरपार गेली की शिजलं. बाकीचे लोक जेवायला बांधाकडं गेले होते. भाकरी झाली. जनकाबाईंनी कागद उघडला.

"ऐका."

"क."

"हे ऐका."

त्यांनी वाचलं.

"अ) सदर बालिका मयत झाली. ब) आमची ज्येष्ठ कन्या अल्प आजाराने निधन पावली. क) आमची करुणा गेली. ड) वरीलपैकी एकही नाही."

मुंजाजींच्या हातातली काडी थांबली.

"क म्हणा," जनकाबाई म्हणाल्या. "लवकर म्हणा, म्हणजे मी जाते. एसटी हाय."

मुंजाजी उठले. या वेळी खरोखरचा बैल होता, शेजारच्या बांधावर, दुसऱ्याचा. ते त्याच्यापर्यंत गेले, उभे राहिले, आणि परत आले.

"त्याच्यापुढं हाय पाणी," ते म्हणाले, आणि बसले.

जनकाबाईंनी कागद गुडघ्यावर सरळ केला.

"ड," मुंजाजी म्हणाले.

"ड म्हंजे यातलं एकबी न्हाई."

"व्हय."

"मंग काय लिहू मी?"

मुंजाजींनी एक हळकुंड घेतलं, काडी टोचली, ती गेली, तरी पुन्हा टोचली.

"तू निंदायला जायचीस," ते म्हणाले. "मी तिच्यापाशी राहायचो. ती उभी राहाय लागली व्हती. दाराच्या मागं लपायची. मी हुडकायचो. सापडली की हसायची, अन् भित धरून उभी राहायची. माझ्या हाताला हळद. मी तिचा हात धरायचो. मंग तिच्याबी हाताला."

कागदावर पेन होता, पण जनकाबाई लिहीत नव्हत्या.

"तिथं हात हाय तिचा," मुंजाजी म्हणाले. "दोन हायत. एक बराबर उमटला. एक फरपटला."

ढिगाची वाफ दोघांच्या मधून जात राहिली.

"मला वाटायचं रंग सरतो," जनकाबाई म्हणाल्या.

"रंग कसा सरंल? दरसाल उरतो. डबे हायत सगळे, मागं, सरपणाखाली."

"मी दरसाल बोलायची तुमाला. अर्धवट, अर्धवट."

"बोलायचीस. मी म्हणलं, बोलू दे. घर मी न्हाई रंगवलं तर तू रंगवशील, अन् ती जागाबी भरून टाकशील. म्हून मी कोणाला हातच लावू दिला न्हाई."

"मला सांगायचं की वो."

मुंजाजींनी यावर पुष्कळ विचार केला. "तू चार पर्याय आज घेऊन आलीस," ते म्हणाले.

जनकाबाईंनी मग लिहिलं. ते बोलले होते तसंच, तेवढंच. जिथं त्यांना दम लागला होता तिथं पूर्णविराम दिला. एसटी गेली होती ती जाऊ दिली, आणि ऊन उतरल्यावर दोघं सोबत घरी आले.

दार पुढं ओढलं. मागं, पांढऱ्या भिंतीत, ती हातभर मातकट जागा होती. दरसाल त्यांनी तिला हळदीच्या पोत्याचा डाग समजलं होतं. जवळ बसल्यावर दिसलं. डागाला बोटं होती. उंचीवरून लेकराचं वय काढणं हे जनकाबाईंचं आयुष्यभराचं काम. त्यांची वीत आपोआप पुढं गेली आणि भिंतीपाशी जाऊन थांबली. मोजलं नाही.

"पट्टा हिरवा व्हता तिचा," त्या म्हणाल्या. "हाताला मास हाय बघा कसं."

"खायची," मुंजाजी म्हणाले. "भात लई खायची."

मग ती आणखी काय काय खायची, यावर दोघं चूल पेटेपर्यंत बोलत बसले.

पान पुण्याला गेलं. मॅडमचा फोन यायला या वेळी उशीर झाला. आला तेव्हा त्यांचा आवाज सर्दी झाल्यासारखा होता.

"काकू, शेवटच्या प्रकरणाचे पैसे लावले नाहीत मी."

"काहून?"

"त्यात मी काही केलंच नाही."

यानंतर काय झालं हे तुम्हाला माहीत नाही, असं आपलं ठरलं आहे. तरी सांगायचं तर पुस्तक आलं. मुंजाजींनी ते उलटं धरलं. जनकाबाईंनी सुलटं करून शेवटचं पान काढून दिलं, आणि मुंजाजींनी करुणाच्या नावावर ठेवलेला अंगठा उचलला तेव्हा नाव पिवळं झालं होतं. दुसऱ्या दिवशी एक प्रत क्लासला गेली. शिवकन्यानं आपण चावलेलं पान अख्ख्या वर्गाला वाचून दाखवलं. विजयकुमार सरांनी प्रत मागून घेतली आणि त्या दिवशी एकही प्रश्न फळ्यावर लिहिला नाही.

जनकाबाईंच्या हाताला मात्र अर्जाची सवय होती, आणि ती पुस्तकानं गेली नाही. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडानं घेतलं नव्हतं. अर्जात लिहिलं तर चालतं, असं त्यांनी धरलं. अर्ज पोस्टानं गेला तो असा:

प्रति,
मा. अध्यक्ष,
सर्व प्रकारच्या परीक्षा घेणारी समिती
(जिथे असेल तिथे)

विषय : प्रत्येक प्रश्नास पाचवा पर्याय मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, आपल्या प्रश्नपत्रिकेत प्रत्येक प्रश्नास चारच पर्याय असतात. चारही वाचून उत्तर सापडत नाही, असा अर्जदाराचा अनुभव आहे. तरी यापुढे सर्व पदांच्या सर्व परीक्षांमध्ये प्रत्येक प्रश्नाखाली पुढील पर्याय जोडण्यात यावा :

इ) मुंजाजींना विचारा.

ते हळदीच्या हंगामात जेवणाच्या सुट्टीत भेटतात. डाव्या कानाने कमी ऐकू येते. पहिल्यांदा ते 'क' म्हणतील; ते उत्तर ग्राह्य धरू नये व थोडे थांबावे. ते मध्येच उठून बैलाकडे गेल्यास, परत येऊन बसेपर्यंत परीक्षार्थीस वेळ वाढवून देण्यात यावा.

केलेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर अर्जदारास मिळावे, ही विनंती.